गोपिकाच्या नावाची बशी

आमच्या अनंताच्या लग्नात वहिनीनं, म्हणजे त्याच्या आईनं, ताटात तांदूळ पसरले, अनंताच्या हातात अंगठी दिली आणि सुनेचं नवं नाव लिहायला सांगितलं. वैशाली. मांडवातल्या बाया म्हणाल्या, नाव चांगलं आहे, शहरातलं आहे. मुलीचा बाप देवाजी तेवढा उठून बाहेर गेला. तो नागपूरजवळच्या कुहीकडचा, धानाची शेती करणारा माणूस. लेकीचं नाव त्यानं आपल्या मेलेल्या आईचं ठेवलं होतं, गोपिका. सासरी नाव बदलतात हे काय त्याला माहीत नव्हतं? त्याच्या स्वतःच्या बायकोचं बदललं होतं. पण लेकीचं बदलताना पाहणं वेगळं.

पुढे तो आमच्याकडे नागपूरला यायचा तेव्हा दारातूनच हाक मारायचा, "गोपिका, पाणी आण वं!"

वहिनी आतून व्याह्याला म्हणायची, "इवाई, या घरात त्या नावाची कोणी नाही."

देवाजी हसायचा. वहिनी हसायची नाही. पोरगी मुकाट्यानं पाणी आणून द्यायची. मी अनंताची आत्या, मालक गेल्यापासून भावाकडेच राहते. मला वाटायचं, दोघंही लहान पोरांसारखं भांडतात, होईल बंद हळूहळू.

१९८१ सालची गोष्ट. पहिल्या दिवाळीला पोरगी माहेरी गेली आणि तिकडेच तापली. गावाजवळच्या डॉक्टरनं मोतीझरा सांगितला, म्हणजे टायफॉइड. क्लोरोच्या कॅप्सूल दिल्या. त्या काळी मोतीझऱ्याला क्लोरो म्हणजे ठरलेलं औषध, आमच्या वस्तीत किती जण त्यावर बरे झाले होते. पण हिचा ताप उतरेना. ती बडबडायला लागली तेव्हा देवाजीनं तिला एसटीत घातलं आणि थेट नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं.

तिथं आल्या आल्या तातडीच्या खोलीत एका डॉक्टरनं तिचं रक्त काढून बाटलीत घातलं. देवाजीला नाव विचारलं, त्यानं सांगितलं. कागद झाला. बाटली त्याच्याच हातात दिली. तिथली रीतच ती, रक्त घेऊन लॅबला जायचं ते पेशंटच्या माणसानं. देवाजी बाटली छातीशी धरून गेला. तोवर आम्हाला निरोप मिळाला, आम्ही सगळे पोचलो. अनंतानं दुसऱ्या खिडकीवर भरतीचा कागद करून घेतला आणि पोरगी वरच्या मजल्यावर बायांच्या वॉर्डात गेली.

वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेशिवाय सोडत नव्हते. म्हणून वहिनी तिच्या उशाशी बसली आणि देवाजी लॅबच्या खिडकीसमोरच्या बाकावर. त्याला वाटायचं, बाटली आपण दिली, तर तिची राखण आपणच करायची. घरी चल म्हटलं तर म्हणायचा, "माहं रक्त हाये तिथं. मी कसा येऊ?"

वॉर्डाचे डॉक्टर ताकसांडे. तरुण होते, डोळे झोपेनं लाल. सलाईनमधून क्लोरो चालूच होतं. ते वहिनीला म्हणाले, "औषध जोरात दिलंय, पण ताप हलत नाही. रक्ताचा रिपोर्ट आला तर कळेल. उशीर मात्र फार करता येणार नाही. आतडं फाटलं तर काही हातात राहत नाही." वहिनी ते मला सांगताना पदर तोंडात धरून होती. कितीही कडक असली तरी त्या पोरीवर तिचा जीव होता. आपल्या हातानं वेणी घालायची तिची.

त्या दुपारी मी घरून डबा घेऊन निघाले. वॉर्डात जायच्या आधी देवाजीला खाऊ घालावं म्हणून लॅबकडे वळले. त्याच्याजवळ त्याच्या गावचा धोंडबा बसला होता, बाजाराच्या कामानं नागपूरला आलेला. देवाजीनं भाकरीला हात लावला नाही.

लॅबच्या डॉक्टरीण पांढरीपांडे बाई तेवढ्यात दारात आल्या. पिकलेले केस, पांढरा कोट, बोटांवर लाल डाग. देवाजीला त्या ओळखायला लागल्या होत्या.

"बाबा, अजून इथंच? जेवलात का?"

"तुमी सांगा मंग जेवतो."

"सांगते, आजच सांगते. एरवी तुम्हाला अजून दोन दिवस बसवलं असतं मी." त्या बाकाच्या टोकाला टेकल्या. "हे बघा, तुमच्या बाटलीत जंतू वाढले, पाणी गढूळ झालं. जुन्या पद्धतीत आधी जंतू वेगळा काढायचा, मग त्याला पुन्हा वाढवायचं, मग औषधाच्या चकत्या ठेवून रात्रभर थांबायचं. तोवर पेशंट थांबतो का? म्हणून मी यंदापासून बाटलीतला थेंबच सरळ बशीत पसरते, त्यावर चकत्या ठेवते आणि थोड्या तासांनी वरून एक रंगाचं पाणी फवारते. जो जंतू जिवंत आहे तो लाल होतो. जिथं औषधानं मारला तिथं लाल होत नाही, चकतीभोवती गोल रिकामं राहतं."

देवाजीनं विचार केला. "म्हंजे निंदण केल्यावानी. जिथं इळा लागला तिथं जमीन दिसते."

"अगदी तसंच."

आतून लॅबचे शिपाई गणपतराव ओरडले, "मॅडम, लाली चढून राहिली!" मग देवाजीकडे पाहून म्हणाले, "बाबाजी, तुमच्यापायी मले चहा भेटला नाही आज. पोरगी बरी झाली का पावशेर पेढे आणा."

"पावशेर काय गा, दोन शेर आनतो," देवाजी म्हणाला. आणि मग पहिल्यांदा भाकरीचा तुकडा मोडला.

पांढरीपांडे बाई आत गेल्या. खिडकीतून दिसत होत्या. त्यांनी एक काचेची बशी उचलून उजेडाकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग खाली ठेवली आणि काही तरी भराभर लिहून कागद गणपतरावांच्या हातात कोंबला. "धावत जा. बायांचा वॉर्ड. हातात द्या आणि या. चालत नाही, धावत!"

गणपतराव खरंच धावले. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो. देवाजीच्या हातातला तुकडा हातातच होता.

ते परत आले तेव्हा धावत नव्हते. आमच्याकडे न बघता आत गेले. पण खिडकी उघडीच होती.

"मॅडम, काही उपयोग नाही झाला. ती गोपिका सकाळीच गेली."

मला वाटलं, कुठं गेली? दुसऱ्या वॉर्डात? एवढं माझं डोकं बधिर झालं. समोर पांढरीपांडे बाई खुर्चीत बसल्या, आणि त्या ज्या तऱ्हेनं बसल्या त्यावरून मला कळलं.

देवाजी रडला नाही. उभा राहिला. भाकरीचा तुकडा त्यानं नीट डब्यात परत ठेवला, झाकण लावलं. मग मला म्हणाला, "कांताबाई, सकाळी गेली म्हन्ते. मी इथं बसून होतो. कोनी मले सांगतलं बी नाही." आणि मग त्याचा आवाज फाटला. "बापाले सांगत नाही का वं कोनी? तुमची सून होती, माही कोनीच नव्हती?"

वहिनी वर काय करत असेल, तिनं निरोप का दिला नाही, अनंत कुठं आहे, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. धोंडबा म्हणाला, "भाऊ, मी यष्टी पकडतो. घरी रुखमावहिनीले सांगा लागन. माती व्हायच्या आधी माय आली पाहिजे." देवाजीनं मान हलवली की नाही, मला आठवत नाही. धोंडबा गेला.

आम्ही दोघं जिना चढलो. देवाजी कठड्याला धरून, मी त्याच्या मागे डबा घेऊन. डबा खाली ठेवायचंही सुचलं नाही. वॉर्डाच्या दाराशी आयानं अडवलं, पण देवाजीचा चेहरा पाहून बाजूला झाली.

खाटेवर पोरगी होती. वहिनी चमच्यानं तिच्या तोंडात पाणी घालत होती. पाणी गालावर ओघळत होतं, आणि वहिनी ते पदरानं पुसत होती.

तिनं वर पाहिलं. "काय झालं? काहून असे पाहता दोघं जणं?"

देवाजीनं पुढं होऊन लेकीच्या कपाळावर हात ठेवला. तापलेलं होतं. त्यानं हात काढला, पुन्हा ठेवला. मग तो तिथंच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला. सगळ्या वॉर्डातल्या बाया उठून बसल्या.

मी वहिनीला सांगितलं. ती आधी पांढरी पडली, मग तिला राग आला. "जित्या पोरीले मारता? कोण म्हणलं? त्याच्या तोंडात किडे पडो!"

आया म्हणाली, "अवं बाई, कोपऱ्यातल्या खाटेवर नरखेडची म्हातारी होती ना, तिचं नाव गोपिकाबाई. ती गेली सकाळी. तुमची तर वैशाली हाये."

तेव्हा आम्ही हसलो. हो, हसलो. रडता रडता देवाजीही हसला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "खोटी मरणाची खबर आली, पोरीचं आयुष्य वाढलं!" मीही तेच म्हटलं. डबा उघडला. सलाईन ठिबकत होतं. त्याच्याकडे पाहता पाहता माझा हात थांबला.

पांढरीपांडे बाईंनी गणपतरावांना धावत पाठवलं होतं. कशासाठी? त्या बशीत काही तरी होतं. आणि ती बशी म्हातारीची नव्हती. देवाजीच्या बाटलीचीच होती, आमच्यासमोर त्यांनी ती पाहिली होती.

"देवाजीभाऊ," मी म्हटलं, "रक्त देताना तुम्ही नाव काय सांगितलं?"

त्यानं डोळे पुसले. "गोपिका. दुसरं काय सांगू?"

मी खाली कशी आले मला माहीत नाही. या वयात जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले. गणपतराव वापरलेल्या बशा फिनेलच्या बादलीत टाकत होते. मी खिडकीतूनच ओरडले, "थांबा! पोरगी जिवंत आहे! गोपिका जिवंत आहे!"

पांढरीपांडे बाई उठल्या. त्यांच्या टेबलावर ती बशी तशीच होती. त्यांनी ती टाकू दिली नव्हती. मला आत घेतलं, बशी उजेडात धरली. मी अशी वस्तू कधी पाहिली नव्हती. अख्खी बशी कुंकवासारखी लाल. त्यात टिकलीएवढ्या पाच-सहा पांढऱ्या चकत्या. काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल होता. काहींभोवती नव्हता. एका चकतीला तर लाल रंग चारही बाजूंनी येऊन भिडला होता.

"हे कोणतं औषध?" मी विचारलं.

"क्लोरो."

"पण तेच तर देत आहेत तिला."

"म्हणूनच धावत पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "मी आजवर मोतीझऱ्याच्या जंतूला असं पाहिलं नाही. त्याला हे औषध म्हणजे पाणी आहे."

घरोघरी, गावोगावी ज्या गोळीवर आमचा देवासारखा विश्वास, तिच्या अंगाला खेटून ते जंतू जिवंत बसले होते. आणि पोरीच्या नसेत थेंब थेंब तेच जात होतं.

बाईंनी बशी एका ट्रेमध्ये ठेवली, वर कापड टाकलं आणि स्वतः वर आल्या.

डॉक्टर ताकसांडेंनी बशी पाहिली आणि त्यांचंही तोंड उघडं राहिलं. पण मग ते म्हणाले, "मॅडम, मी सकाळी तुमच्याकडे माणूस पाठवला होता. वैशाली अनंत या नावाचं रक्तच आलं नाही असं तुमच्याकडून सांगितलं. आता तुम्ही गोपिकाची बशी आणता. गोपिका माझ्या वॉर्डात होती, ती आज वारली, आणि तिलाही ताप होता. ही बशी तिची नाही कशावरून?"

"वडिलांचं नाव देवाजी लिहिलंय."

"बायांचे कागद इथं कधी बापाच्या नावानं होतात, कधी नवऱ्याच्या. त्या म्हातारीच्या बापाचं नाव मला माहीत नाही. या पोरीचं चालू औषध मी बंद केलं आणि रिपोर्ट दुसरीचा निघाला, तर मी हिला मारलं असं होईल. पुन्हा रक्त घेतो."

"घ्या. माझी पद्धत कितीही भराभर चालली तरी बाटलीत जंतू वाढायला वेळ लागतोच. तेवढी वाट ही पाहू शकते का?"

ताकसांडेंनी खाटेकडे पाहिलं. पोरगी डोळे अर्धे उघडे ठेवून चादरीचे धागे वेचत होती, नसलेले धागे.

"हिचं नाव काय?" त्यांनी जोरात विचारलं.

"गोपिका," देवाजी म्हणाला.

"वैशाली," अनंत म्हणाला. तो तेवढ्यात कामावरून आला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं.

दोघं एकाच वेळी बोलले. ताकसांडेंनी कपाळावर हात मारला. "इथं पोरगी मरायला टेकली आणि तुम्हाला नावाचं ठरवता येत नाही? बाबा, तुम्ही मनानं बोलू नका. सासरचे सांगतात ती वैशाली. भरतीचा कागदही तोच सांगतो."

"डॉक्टरसाहेब, मी बाप हावो! माह्या हातानं बाटली नेली!"

"तुम्ही जे मनात धरलंय ते बोलता आहात. मला दुसरं कोणी सांगा."

तेव्हा वहिनी उठली. हातात अजून तो पाण्याचा चमचा होता. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, देवाजीकडेही नाही.

"तो माणूस आला होता," ती म्हणाली. "कागद घेऊन. धावत आला होता. दारातून ओरडला, गोपिका कोण आहे, गोपिका देवाजी? मी इथंच बसले होते. मीच म्हटलं, इथं त्या नावाची कोणी नाही."

दाराशी उभ्या आयानं मान खाली घातली.

"तोंडातून निघून गेलं. मला कळलंसुद्धा नाही मी काय बोलले. मग ही आया म्हणाली, होती ती सकाळी गेली. तो गेला." चमचा खाटेच्या दांडीवर वाजत होता. "डॉक्टर, ही गोपिका आहे. या देवाजीची गोपिका. वैशाली मी ठेवलं. हिचा बाप खोटं बोलत नाही. ते रक्त हिचंच आहे."

अनंत आईकडे पाहत राहिला. मीही पाहत राहिले. लग्नापासून ज्या बाईनं ते नाव ओठावर येऊ दिलं नाही तिच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलं नाही. मला फक्त दिसत होतं की ही बाई खाटेशेजारी बसून पोरीला चमच्यानं पाणी पाजत होती आणि त्याच वेळी तिनं पोरीचं औषध दारातून परत पाठवलं होतं.

देवाजी काही तरी कडक बोलेल असं वाटलं होतं. त्यानं वहिनीच्या हातातला चमचा काढून घेतला आणि टेबलावर ठेवला, एवढंच.

ताकसांडेंनी सलाईनची चावी बंद केली. सिस्टरला म्हणाले, "अँपिसिलिन. मॅडमच्या बशीत त्याला गोल आहे. आत्ता, लगेच."

पोरगी वाचली, हे इथंच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. ताप सावकाश उतरला, केस सगळे गळले, पुढं नवे आले. पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक होतं? त्या दिवशी आम्ही फक्त इंजेक्शन टोचताना पाहिलं आणि भिंतीला टेकून बसलो.

धोंडबा कोणाच्याच लक्षात राहिला नव्हता.

दिवे लागायच्या सुमारास जिन्यात आकांत ऐकू आला. बायांचा, गावाकडचा, एकीनं सूर धरायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा तसा. देवाजी ताडकन उठला. "अरे देवा. रुखमा!"

वहिनी धावत दाराशी गेली. "इहीनबाई, आहे! आहे ती! रडू नका, आहे!" पण रुखमाबाईला ते ऐकूच येत नव्हतं. केस मोकळे, पायात चप्पल नाही. तिनं वहिनीला ढकललं आणि आत आली. तिच्या काखेत एक गाठोडं होतं. त्यातून हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता, आणि चालताना आतल्या बांगड्या वाजत होत्या. सवाष्ण लेक गेली की शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. ते ती घेऊन आली होती.

खाटेजवळ येऊन ती थांबली. पोरीची छाती वरखाली होत होती. रुखमाबाईनं आमच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पोरीकडे. तिच्या गळ्यातला सूर मधेच तुटला, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

त्या गोंधळानं पोरीनं डोळे उघडले. नजर थोडी स्थिर झाली.

"माय," ती म्हणाली. "तू काहून आली वं?"

रुखमाबाईनं झटकन गाठोडं खाटेवर टाकलं आणि त्याच्यावर बसली. दोन्ही बाजूंनी पदर पसरला, काठ दिसू नये म्हणून. आतली एक बांगडी पिचल्याचा आवाज मला आला.

"अशीच आली," ती म्हणाली. "धान कापनं झालं. म्हून आली."

सिस्टर म्हणाली, "बाई, पेशंटच्या खाटेवर बसू नका, स्टुलावर बसा." दोनदा म्हणाली. रुखमाबाई लेकीच्या पायावरून हात फिरवत राहिली, उठली नाही.